आजेसासूच्या चांदीच्या तोरड्या मोडाव्या का? जुन्या चांदीबद्दल जाणत्यांनी सांगावं

पूर्णाकाठची

नमस्कार मंडळी. आमचं गाव आकोट तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. मागच्या महिन्यात माझी आजेसासू गेली. सगळं गाव तिला बुढीमाय म्हणायचं. तेरवी झाल्यावर माजघर आवरताना तुरीच्या कोठीत, अगदी तळाशी, नऊवारीच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं सापडलं. आत चांदी होती. तोरड्यांचा जोड, गळ्यातली सरी, हातातले गोट, लहान लेकराचा करगोटा आणि रेशमात ओवलेली तेरा रुपयांची माळ.

तालुक्याच्या एका दुकानात नेऊन वजन केलं. तोरड्या 52 भार (दुकानात आता भार दहा ग्रॅमचा धरतात), सरी 18, गोट 14, करगोटा 9, माळ 15 ला थोडी कमी. दुकानदार म्हणाला, "माल साठ टंचाचा आहे, सगळा एकत्र आटवू, घट धरून हिशोब करू." म्हणजे शंभरात साठ भागच चांदी. चांदी सध्या किलोला लाखाच्या वर आहे. लेक बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला, फी भरायची आहे. घरातल्यांचं म्हणणं वावगं नाही, कोठीत पडून राहण्यापेक्षा पोरीच्या कामी येईल.

पण मी त्या तोरड्या हातात घेतल्या तेव्हापासून माझं मन लागेना. डाव्या तोरडीला आतून, घोट्याच्या हाडाजवळ, एक चपटी जागा आहे. नक्षीचे दाणे तिथं पार पुसून गेलेत, बोट फिरवलं की गुळगुळीत लागतं. कपाशी वेचताना बुढीमाय तोरडीखाली चिंधी गुंडाळायची असं सासूबाई सांगतात. आजेसासरे गेले तेव्हा तिनं जोडवी आणि तोरड्या उतरवल्या, त्याला तीस वर्षं झाली. तरी घोट्यावरचा काळा घट्टा गेला नव्हता. शेवटची आंघोळ घालताना तिचे पाय मी धुतले. तो घट्टा आणि ही चपटी जागा एकमेकांवर बरोबर बसतात.

गाठोड्याच्या गाठीला एक चिठ्ठीही आहे. शाई उडाली आहे, "तो. जोड 1" एवढंच लागतं. 1972 च्या दुष्काळात तोरड्या सावकाराकडे गहाण गेल्या होत्या आणि तीन वर्षांनी सुटल्या. ही चिठ्ठी त्याच्याकडची. तिनं ती फेकली नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मोडायचं झालं तर काय मोडावं आणि काय ठेवावं? आणि आपल्या बायका एवढी जड चांदी जन्मभर का वागवत होत्या? सोनं कमरेखाली घालू नये, ती लक्ष्मी, एवढं मलाही ठाऊक आहे. त्यापलीकडं काही असेल तर सांगा.

बकनळी

ताई, आधी एक काम करा. रुपयांची माळ त्या गाठोड्यातून आजच बाजूला काढा.

आमचं घराणं खामगावचं, तीन पिढ्या चांदीचं काम. खामगावला रजतनगरी म्हणतात ते उगाच नाही. दुकानदार तोरड्यांबद्दल खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. जुन्या जड तोरड्यांत तांबं असतंच. शुद्ध चांदी इतकी मऊ की वावरात चालणाऱ्या बाईच्या पायात ती आठ दिवसांत वाकडी होईल. पण रुपयाचं तसं नाही. इंग्रजी अमलातला कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात 91.7 टक्के चांदी. तुमच्या तेरा रुपयांचं मूळ वजन साधारण 151 ग्रॅम भरतं, त्यात जवळजवळ 139 ग्रॅम चांदी. तीच माळ साठ टंचाच्या मालात टाकली की हिशोबात 91 ग्रॅमच धरली जाणार. झीज वजा केली तरी चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम चांदीचा फरक पडतो.

मात्र प्रत्येक रुपयावरचा सन बघा. व्हिक्टोरियाचा राणीछाप असेल, किंवा एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जचा राजाछाप असेल, तर माल चोख. 1940 पासून सरकारनं चांदी निम्म्यावर आणली. त्या रुपयाची कड बघितली की कळतं, दातऱ्यांच्या मधून एक खाच फिरलेली असते. 1947 ला तर रुपया निकेलचाच झाला.

माळेसाठी रुपयांना कड्या डाक देऊन जोडल्या असतील, म्हणून नाण्यांचा शौक असणारे फार भाव देणार नाहीत. तो मोह नको.

मोडायचंच ठरलं तर प्रत्येक वस्तूचा टंच वेगळा काढून मागा. मुशीत टाकणखार घालून आटवताना समोर उभं राहा, घट किती आली ते कागदावर लिहून घ्या. तोरड्या पोकळ असतील तर आत लाख भरलेली असते, तिचं वजन जातं. 52 भार म्हणजे बहुधा भरीव आहेत. हलवून बघा, आत काही वाजतं का.

साफ करायला चिंच वापरू नका, ती पितळ-तांब्यासाठी. चांदीवरचा काळेपणा हवेतल्या गंधकाचा. कोमट पाण्यात रिठा भिजवा, मऊ ब्रशनं घासा. राखेनं आणि टूथपेस्टनं नक्षी झिजते.

सोनखास

ताई, मी तं म्हणतो तोरड्या मोडू नोका. आमच्या बापानं 2004 साली मायच्या तोरड्या मोडल्या अन् वावरात बोअर मारला. पाणी लागलंच नाही. माय तवा काहीच बोलली नाही. गेल्या साली नातीच्या लग्नात मले म्हणे, "बापू, माह्या तोरड्या असत्या तं पोरीच्या पायात घातल्या असत्या." रातभर डोळ्याले डोळा नाही लागला मले.

तांड्यावरची

जय सेवालाल. मी मानोरा तालुक्यातली, पोहरादेवीच्या जवळची. ताईंनी विचारलं एवढी जड चांदी का, तर आमच्या बंजारा समाजात त्याचं उत्तर सरळ आहे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. लदेणी म्हणतात तिला. ज्याच्या घराला भिंत नाही तो पैसा ठेवणार कुठं? बाईच्या अंगावर. गळ्यात हांसली, केसांच्या बटांना घुगरी आणि टोपली. चालणारा माणूस चालणारी तिजोरी घेऊन चालत होता, आणि ती तिजोरी बाईची होती.

पुढं रेल्वे आली आणि लदेणी बसली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं फिरत्या लोकांना चोर ठरवायला सुरुवात केली. 1952 मध्ये तो शिक्का सुटला. एवढ्या काळात पुरुषांचा धंदा गेला, इज्जत गेली, आणि घर कितीदा तरी बायकांच्या अंगावरच्या चांदीनं तगलं. माझी याडी, म्हणजे आई, सांगायची, प्रत्येक वाईट वर्षी आजीच्या गळ्यातलं काहीतरी कमी व्हायचं.

आजोबा गेल्यावर आजीनं घुगरी-टोपली उतरवली. दोन्ही बाजूंनी केस मोकळे झालेली आजी मला ओळखूच येईना. मी सहा वर्षांची होते. मला आजोबांचं जाणं आठवत नाही, आजीचे ते कान आठवतात.

पूर्णाकाठची

तांड्यावरची ताई, तुमचं वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

बकनळीदादा, माळ काढून घेतली. अकरा रुपये जुने आहेत. राणीचे पाच, पाचही 1862 चे. बाकी सहा राजाचे. दोन मात्र 1944 आणि 1945 चे, कडेला खाच आहे. राणीचे पाचही एकाच सालचे कसे?

बकनळी

त्यात नवल नाही ताई. 1862 चा ठसा पुढं 1874 पर्यंत तोच सन ठेवून चालवला. म्हणून राणीछापात 1862 सर्वांत जास्त सापडतो.

पांढरं सोनं

या रुपयांवरून एक सांगतो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. ताईंच्या माळेतल्या चांदीमागं कापूस उभा आहे.

1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, आणि गिरण्यांनी आपल्या वऱ्हाडाकडं तोंड वळवलं. भाव असे चढले की आधी कुणी पाहिले नव्हते. युद्ध 1865 ला संपलं, भाव उतरले, पण कापूस वऱ्हाडात राहिला तो राहिलाच. 1870 मध्ये जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा खास कापसासाठी सुरू झाला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. कापूस गाडीत गेला आणि त्याच्या बदल्यात राणीछाप रुपये आले.

शेतकऱ्याच्या गावात बँक नव्हती. रुपया चांदीचाच, आणि तो बरोबर तोळ्याचा. म्हणून तो नाणंही होता, मापही होता. सोनार तागडीच्या एका पारड्यात रुपये टाकायचा, दुसऱ्यात दागिना. "रुपयाभार" शब्द त्यातून आला, आणि आज दुकानदार "52 भार" म्हणतो तो त्याचाच उरलेला तुकडा. सुगीला रुपये आले की सोनाराच्या मुशीत जायचे आणि बाईच्या पायात यायचे. वाईट वर्षी उलटा प्रवास. कापसाला भाव नसला तर तोरडी आधी सावकाराकडे, मग मुशीत. माझ्या मते तुमच्या गाठोड्याला बांधलेली ती चिठ्ठी तोरड्यांइतकीच जपण्याजोगी आहे. बाईच्या मालमत्तेची कागदावर नोंद झालेली तेवढीच असायची, आणि तीही गहाण पडताना.

2015 ला सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जं माफ करायचं ठरवलं तेव्हा कितीतरी घरांना तारण दागिने परत मिळायची वाट दिसली. म्हणजे हे चक्र काही फार जुनं नाही.

सातपुड्याचा डॉक्टर

धारणीकडं दवाखाना चालवतो. एमबीबीएस चीनमध्ये केलं, युन्नान प्रांतात, कुनमिंगला. शेजारचा प्रांत ग्वेइचौ. सुट्टीत तिथं शीच्यांग नावाच्या म्याव लोकांच्या गावी गेलो होतो. डोंगरउतारावर लाकडी घरं, खाली भाताचे बांध. सणाला पोरी बाहेर पडल्या त्या डोक्यापासून कमरेपर्यंत चांदीत. डोक्यावर बैलाच्या शिंगांसारखी दोन उंच चांदीची शिंगं, गळ्यात एकावर एक कडी, पाठीवर पत्रे. त्या चालल्या की पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. मुलगी जन्मली की आईबाप चांदी साठवायला लागतात, आणि लग्नात ती तिच्याबरोबर जाते. पूर्वी तिकडंही चांदीची नाणी आटवूनच दागिने घडत. चांदीनं वाईट नजर आणि आजार दूर राहतो अशी त्यांची श्रद्धा.

मला तर मेळघाटच आठवला. ताईंच्या गाठोड्यात करगोटा आहे ना? चीनमध्ये लहान मुलाच्या गळ्यात चांदीचं छोटं कुलूप घालतात, त्याच्या नावाचा अर्थच "दीर्घायुष्याचं कुलूप". लेकराचा जीव या जगाशी कुलूपबंद करायचा. लाओस-व्हिएतनामकडच्या ह्मोंग लोकांत गळ्यातलं चांदीचं कडं आत्म्याला शरीराशी बांधून ठेवतं असं मानतात. आपण बारशाला लेकराच्या कमरेला करगोटा बांधतो, हातात बिंदल्या आणि पायात वाळे घालतो, तेव्हा मनात तेच असतं. ज्या घरांनी लेकरं फार गमावली त्या घरांतून ही कुलपं आली असावीत, असं मला दवाखान्यात बसून वाटतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट राहिलीच. परतताना उत्तर थायलंडात, च्यांग रायला, आखा जमातीच्या बायकांच्या टोप्या पाहिल्या. चांदीचे गोळे आणि नाण्यांच्या ओळी. वाकून बघतो तर नाण्यावर राजा जॉर्ज, आणि मागं "वन रुपी इंडिया". आपला रुपया ब्रह्मदेशातून व्यापाऱ्यांबरोबर त्या डोंगरांत गेला होता. बुढीमायच्या माळेतला राजा तिकडच्या एखाद्या म्हातारीच्या कपाळावर आहे. कुणाच्या कापसाचे, कुणाच्या तांदळाचे पैसे ते, कुणास ठाऊक.

मस्कतवासी, मूळ कारंजा लाड

डॉक्टरसाहेब, इकडंही तेच. निझवाच्या बाजारात जुनी चांदी मिळते, बरीचशी मारिया तेरेसा थालर आटवून केलेली. ऑस्ट्रियाचं नाणं, साधारण 28 ग्रॅमचं, 83 टक्के चांदीचं. राणी 1780 ला वारली, पण नंतर कधीही पाडलं तरी त्यावर सन 1780 च घालतात. ओमान, येमेन, इथिओपियाच्या बायकांनी दुसरा शिक्का मानलाच नाही. राणीछापाबद्दल आपल्या म्हाताऱ्या जशा म्हणत तसंच.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. निझवाच्या दुकानदारानं मला सांगितलं की पूर्वी बाई वारली की तिची चांदी आटवायचे आणि नव्या नवरीला नवा दागिना घडवायचे. गेलेल्या बाईचं जसंच्या तसं दुसरीच्या अंगावर चढवायचं नाही. म्हणजे मोडणं हा नेहमीच अपमान नसतो. चांदी तीच राहते, घाट बदलतो. ताईंनी लेकीच्या फीसाठी मोडलं तर बुढीमाय रागावेल असं मला वाटत नाही.

देवरी-सालेकसा

आमच्याकडं छत्तीसगडी वळण. गळ्यात सुता, हातात ऐंठी, दंडात नागमोरी, कमरेला करधन, आणि रुपयांची माळ तर होतीच. माझी आजी म्हणायची, चांदी लेकरांची, गोंदण माझं. मेल्यावर दागिना कुणीतरी काढून घेतं, अंगावरचं गोंदण तेवढं सोबत येतं. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण होतं, आणि पिंडऱ्यांवर जिथं पैरी बसायची त्याच्या वरही. जणू चांदी गेली तरी जागा मोकळी दिसू नये.

वकिलीणबाई, यवतमाळ

सगळं वाचलं, फार आवडलं. पण एका गोष्टीकडं कुणी लक्ष दिलं नाही. ताई, हे दागिने बुढीमायचे होते. हिंदू वारसा कायदा 1956, कलम 14 प्रमाणे बाईची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची. तिनं मृत्युपत्र केलं नसेल तर कलम 15 प्रमाणे पहिला हक्क तिच्या मुलग्यांचा आणि मुलींचा, सारखा. तुमच्या आतेसासूबाई आहेत का? त्यांना विचारलं का? मोडायचं की ठेवायचं हे ठरवायला त्या बसल्या पाहिजेत.

शिक्षिका, दर्यापूर

मी थोडं वेगळं बोलणार आहे. माझ्या आईनं 1985 च्या सुमारास तोरड्या काढल्या. मी विचारलं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "पाय माझा झाला." तिच्या घोट्याला दरवर्षी जखम व्हायची, पावसाळ्यात चिघळायची, आणि काढायची सोय नव्हती कारण सासू जिवंत होती. एवढ्या वजनानं बाई पळू शकत नाही, भरभर चालू शकत नाही, कुठं आहे ते घरभर कळतं. हेही त्या चपट्या जागेत आहे. चांदीवर माझंही प्रेम आहे, मीही आईच्या तोरड्या जपल्या आहेत. पण जपताना दोन्ही आठवतं.

पूर्णाकाठची

शिक्षिकाबाई, तुमचं खरं आहे. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की बुढीमायनं तोरड्या उतरवल्या त्या रात्री तिला झोप लागली नव्हती, पाय उचलला की फार वर यायचा.

वकिलीणबाई, तुम्ही बोललात ते बरं झालं. दोन आतेसासूबाई आहेत, एक तेल्हाऱ्याला, एक हिवरखेडला. खरंच कुणी विचारलं नव्हतं. मामंजींनाही ते सुचलं नव्हतं. ते स्वतः फोन करतो म्हणाले.

पांढरं सोनं

त्या आल्या की एक काम नक्की करा. प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन, कुणी घडवली, कुठून आली, त्यांना आठवतं ते सगळं लिहून घ्या. नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, 1863 पासून कितीतरी वस्तू जमल्या आहेत, पण घरोघरच्या अशा चांदीसोबत घालणाऱ्या बाईचं नाव क्वचितच कुठं लिहिलेलं असतं.

पूर्णाकाठची

उशिरा लिहिते, मधे सोयाबीनची गडबड होती.

दोघी आत्या आल्या. गाठोडं त्यांच्यापुढं सोडलं. थोरल्या आत्यांनी आधी करगोटा उचलला. आम्हाला वाटलं होतं तो मामंजींचा. तो त्यांच्यापेक्षा मोठ्या भावाचा, जो दीड वर्षाचा होऊन गेला. घरात कुणाला तो होता हेच माहीत नव्हतं. बुढीमायनं तो पुढच्या कोणत्याच लेकराला बांधला नाही, आणि दुष्काळातही मोडला नाही. आत्या म्हणाल्या, हा मी नेते. कुणी काही बोललं नाही.

सरी आणि गोट मोडायचे असं दोघींनीच ठरवलं. नातीच्या शिक्षणाला आईची चांदी लागली तर आम्हाला आनंद आहे, म्हणाल्या. बकनळीदादांनी सांगितलं तसं वेगवेगळा टंच काढायला लावला. सरी 70 निघाली, गोट 62. दुकानदार सगळं साठ धरत होता. फीचा पहिला हप्ता भरला, थोडे उरले, ते लेकीच्या नावावर टाकले. माळ धाकट्या आत्यांकडे. राणीचा एक रुपया त्यांनी सोडवून माझ्या हातात दिला.

तोरड्या आमच्याकडं राहिल्या. फोटो काढले, वजन लिहिलं, आत्यांना सोनाराचं नाव नाही पण गाव आठवलं, तेही लिहिलं. चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घातली. काल लेकीनं तोरड्या पायात घातल्या आणि ओसरीतून चुलीपर्यंत चालून आली. आवाज ऐकून सासूबाई आतून उठून बाहेर आल्या.

बकनळीदादा, एक विचारायचं राहिलं. उजव्या तोरडीचा खिळा सैल आहे, पाय टेकला की बाहेर येतो. इथं बसवून मिळेल की खामगावला यावं लागेल?

बकनळी

खामगावला या ताई, पण दोन्ही घेऊन या. डावीचा खिळा बघूनच उजवीचा घडवावा लागेल, असे तयार मिळत नाहीत. आणि नक्षीला पॉलिश करू देऊ नका कुणाला, ती चपटी जागा तशीच राहू द्या.